‘होम’ला जुळणारे शब्द

रायपुरात एखाद्या मराठी घरी लग्न ठरलं की आधी हॉल बघतात, मग आचारी ठरवतात, आणि दोन-चार दिवसांत कोणीतरी ब्राह्मणपारा मोहल्ल्यात यशवंतराव टेंभेकरांकडे येऊन दोन्हीकडच्या माणसांच्या नावांची यादी देऊन जातं. यशवंतराव त्या यादीवरून मंगलाष्टकं लिहितात. काका, मामा, आत्या, विहीण, परदेशातला भाऊ, सगळे त्यात येतात. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीला एकोणीस अक्षरं, आणि लग्नाच्या दिवशी माइकसमोर उभं राहून ती स्वतः म्हणायची. रेल्वेतून हेड क्लार्क म्हणून रिटायर होऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण नोकरीतलं त्यांचं काम कोणाला आठवत नाही. मंगलाष्टकं सगळ्यांना आठवतात.

मंगलाष्टकात नाव येणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. ज्याचं नाव गाळलं गेलं त्यानं जेवायच्या पंगतीतून उठून जावं, इतकी ती मोठी असते. बिलासपूरच्या एका आत्याबाईंचं नाव एकदा राहिलं, तर त्यांनी अकरा वर्षं भावाच्या घराची पायरी चढली नव्हती. ती मंगलाष्टकं दुसऱ्या कोणीतरी लिहिली होती, हे यशवंतराव दर वेळी आवर्जून सांगत. ‘‘माझ्या हातून आजवर एक नाव सुटलं नाही,’’ असं ते म्हणत. एकशे त्र्याऐंशी लग्नांच्या कागदांची फाइल त्यांनी जपून ठेवली होती, आणि पाहुणा जरा मऊ दिसला की ती बाहेर निघे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला एवढा तरी गर्व असू द्यावा.

मग घरचंच लग्न निघालं. मुलगा शेखर आणि सून शर्मिष्ठा यांची धाकटी, निधी, बंगळुरूला नोकरीला होती. मुलगाही तिथलाच, घर मूळ वर्ध्याचं. पसंती पोरांनी परस्पर केलेली, मोठ्यांनी नुसती मान डोलवायची होती, ती त्यांनी डोलवली. फेब्रुवारीतला मुहूर्त निघाला आणि निधीचा फोन आला.

‘‘आजोबा, मेरे ऑफिस से चौदा लोग आ रहे हैं. मराठी किसी को नहीं आती. एक मंगलाष्टक इंग्लिशमध्ये करा ना. आणि त्यात शेवटी होम यायला पाहिजे. मी नवीन घरी जाते ना, म्हणून.’’

‘‘त्यात काय,’’ यशवंतराव म्हणाले, ‘‘होऊन जाईल.’’

फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की आपण कुठे हात घातला. छत्तीस वर्षं त्यांनी इंग्रजी लिहिलं होतं, पण ते ‘आपल्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की’ या जातीचं. दोन दिवस ते कागदावर ‘होम’ लिहून बसले. खाली ‘सम’ आणि ‘कम’ लिहिलं, कारण स्पेलिंग तसंच होतं, आणि तिथेच गाडी अडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नातसुनेला हाक मारली.

ही सोनिया. नातू अनिमेषची, म्हणजे निधीच्या मोठ्या भावाची बायको. अभनपूरच्या छत्तीसगढी साहूंची मुलगी, वडिलांचं बी-बियाणांचं दुकान, स्वतः एका शाळेत इंग्रजी शिकवायची. तीन वर्षांपूर्वी अनिमेषनं ‘हिच्याशीच करीन’ म्हटलं तेव्हा घरात आठ दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी लग्न अभनपूरलाच झालं, त्यांच्या पद्धतीनं. मुलीच्या वडिलांनी हात जोडून विनंती केली, की आपण मंगलाष्टकं म्हणता असं ऐकलंय, दोन ओळी तरी म्हणा, आमच्या पोरीलाही बरं वाटेल. यशवंतरावांनी गळ्याला हात लावून सांगितलं की गळा बसलाय. दुसऱ्याच दिवशी रायपुरातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते दोन तास माइक सोडायला तयार नव्हते. हे सोनियाला कळलं होतं की नाही, त्यांनी कधी विचारलं नाही, आणि न विचारण्यात सोय होती.

तीन वर्षांत सोनियानं मराठी शिकून घेतली. सकाळी यशवंतरावांच्या डोळ्यांत थेंब टाकणं, आजीला म्हणजे विनोदिनीबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेणं, हे सगळं तिच्याकडे कधी आलं ते घरातल्या कोणालाही सांगता आलं नसतं. आणि आता अनिमेषला त्याच्या नोकरीच्या, शहराबाहेर सिलतऱ्याला असलेल्या कारखान्याकडून टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळत होतं. जायचं की इथेच राहायचं, हे त्यानं बायकोवर सोडलं होतं. ‘‘निधीचं लग्न होऊ द्या, मग सांगते,’’ एवढंच ती म्हणाली होती.

‘‘ती पोरगी गेली तर आपलं कसं होईन, याचा काही विचार करून राहिले का तुम्ही?’’ विनोदिनीबाईंनी नवऱ्याला विचारलं होतं. ‘‘तुम्ही म्हटलं थांब, तर थांबन ती. मी म्हटलेलं वेगळं, तुमचं वेगळं.’’

यशवंतरावांनाही ती जायला नको होती. लग्न पार पडलं की तिला जवळ बसवून थांब म्हणायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तर सोनिया कागद-पेन घेऊन समोर बसली. ‘सम’ आणि ‘कम’ बघून तिला हसू आलं.

‘‘आजोबा, हे डोळ्यांना जुळते. कानाला नाही.’’ तिनं मोबाइलवर शोधलं, थोडं स्वतः पुटपुटून बघितलं आणि कागदावर दोन रांगा केल्या. ‘‘ही पहिली रांग परफेक्ट. रोम, डोम, फोम, क्रोम, दुसऱ्या स्पेलिंगचा रोम. आणि हा कोम, म्हणजे कंगवा.’’

‘‘त्याले कॉम्ब म्हणतात.’’

‘‘लिहितात तसं. त्यातला बी बोलत नाहीत.’’

‘‘बरं. पण नवरीच्या डोक्यावर अक्षता पडून राहिल्या आणि मी कंगवा म्हणू?’’ यशवंतरावांनी यादीवर बोट फिरवलं. ‘‘फोम म्हणजे फेस. क्रोम तर सायकलच्या रिमले असते. आणि हा दुसरा रोम?’’

‘‘भटकणं.’’

‘‘वा. नवरीनं भटकावं, असा आशीर्वाद देतो.’’

सोनिया हसत सुटली. मग तिनं दुसरी रांग पुढे केली. ओन, अलोन, नोन, स्टोन, फोन. ‘‘हे निअर राइम. जवळजवळ यमक.’’

‘‘याच्या शेवटी न आहे, होमच्या शेवटी म. हे यमकच नाही.’’ यशवंतराव ताठ झाले. ‘‘जवळजवळ यमक म्हणजे जवळजवळ लग्न. एक तर होते, नाही तर होत नाही.’’

सोनियानं वाद घातला नाही. तिनं ती प्रसिद्ध फाइल काढली आणि मधलाच एक कागद उघडला. ‘‘आजोबा, ह्या तीन ओळींच्या शेवटी आहे वरा, घरा, सत्वरा. आणि चौथ्या ओळीत मंगलम्. ते कुठे जुळून राहिलं?’’

‘‘ते चालते. ते सगळ्यांच्याच मंगलाष्टकात असते.’’

‘‘मग हे पण चालू द्या ना.’’

यशवंतराव इतक्या मोठ्यानं हसले की विनोदिनीबाई काय झालं म्हणून स्वयंपाकघरातून बघायला आल्या. चाळीस वर्षांत त्या फाइलीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आणि राग यायच्या ऐवजी आपल्याला मजा वाटते आहे, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

चार संध्याकाळी ते असे बसले. यशवंतराव तिला लघु-गुरू बोटांवर मोजायला शिकवत, कुठलं अक्षर हलकं आणि कुठलं जड ते सांगत. तिला ते दुसऱ्याच दिवशी जमायला लागलं. भाजी निवडतानासुद्धा ती काहीतरी मोजत असे. कडवं हळूहळू उभं राहिलं. एका ओळीच्या शेवटी होम आलं, एकीच्या शेवटी अलोन. तिसरी ओळ अडून बसली होती. चौथ्या संध्याकाळी सोनियानं शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि जरा संकोचून वाचून दाखवलं. ‘शी केम अ गेस्ट, अँड लाफिंग टर्न्ड इंटू अवर ओन.’ पाहुणी म्हणून आली, आणि हसत-हसत आमचीच होऊन गेली.

‘‘हे झकास आहे,’’ यशवंतराव म्हणाले. चालीत दोन अक्षरं कमी पडत होती. त्यांनी ‘ओन’च्या आधी ‘व्हेरी’ घातलं आणि ओळ भरली. त्या एका शब्दाच्या जोरावर सगळं कडवं आपणच लिहिलं असं त्यांना वाटू लागलं. माणसाला असं वाटायला फार वेळ लागत नाही.

उरलेली सात मराठी कडवी त्यांनी दोन दुपारींत उरकली. वर्ध्याकडच्या मंडळींची यादी आली होती, ती समोर ठेवून एकेक नावावर टिकमार्क करत ते लिहीत गेले. आपल्या बाजूची यादी मात्र कोणी दिली नव्हती. घरच्या लग्नात घरच्यांची यादी कोण कोणाला देणार? ती माणसं तर रोज डोळ्यांसमोर असतात. आजी-आजोबा आधीच्या कडव्यात येऊन गेले होते; बाकीच्यांची ओळ यशवंतरावांनी एका दमात लिहिली. ‘शर्मिष्ठा अनिमेष शेखर निधी, सारे घरी हर्षले.’ एक अक्षर इकडचं तिकडे करावं लागलं नाही. सगळं कुटुंब असं आपोआप वृत्तात बसलं याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी विनोदिनीबाईंना मुद्दाम बोलावून ती चालीवर म्हणून दाखवली. त्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. ‘‘छान आहे,’’ म्हणाल्या.

कागद टाइप केले सोनियानं. प्रेसमध्ये नेऊन दिले तिनंच, प्रूफही तीच घेऊन आली. यशवंतरावांनी भिंग घेऊन ते तीन वेळा वाचले. गुलाबी कागदावर अडीचशे प्रती छापून आल्या. खाली ठळक अक्षरांत होतं, ‘रचना व गायन : यशवंतराव टेंभेकर’.

लग्नाच्या दिवशी गळा उत्तम होता. अंतरपाटाच्या अलीकडे निधी, पलीकडे मुलगा, हॉल भरलेला, प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. यशवंतरावांनी पहिलं कडवं उचललं आणि मागच्या रांगेतली कुजबुजसुद्धा थांबली. इंग्रजी कडवं सुरू झाल्यावर बंगळुरूच्या चौदा जणांनी मोबाइल वर धरले. ‘अवर व्हेरी ओन’वर यशवंतरावांनी अशी तान घेतली की भटजींनीही मान वळवून पाहिलं. निधीचे डोळे भरून आले. सगळं आटोपल्यावर लोक स्टेजखाली त्यांच्याभोवती जमले.

‘‘यशवंतराव, ह्या वयात इंग्रजीसुद्धा?’’

‘‘काही विशेष नाही हो,’’ ते म्हणाले. ‘‘यमक जमलं की बाकीचं होऊन जाते.’’

सोनिया दोन हातांच्या अंतरावर उभी होती. कोणाच्या तरी मुलाचं नाक पुसत होती. त्यांना ती दिसली होती. तिचं नाव जिभेवर यायला काहीच हरकत नव्हती, पण आलं नाही.

जेवणं झाल्यावर हॉलच्या एका बाजूला गालिचा टाकून दोन्हीकडची मंडळी ओळख करून घ्यायला बसली. नवऱ्या मुलाचे आजोबा गुलाबराव वर्ध्याला शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झालेले, बारीक अंगाचे, बोलायला गोड. त्यांनी गुलाबी कागद हातात धरला होता.

‘‘मी हा कागद समोर ठेवतो,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणजे नाव चुकत नाही. तर शर्मिष्ठाताई ह्या. शेखरराव हे. अनिमेष तुम्ही, सिलतऱ्याले असता. निधी तर आता आमचीच झाली.’’ सगळे हसले. इतक्यात सोनिया विड्यांचं तबक घेऊन आली आणि गुलाबरावांसमोर वाकली.

‘‘आणि ह्या?’’

‘‘ही आमची नातसून,’’ यशवंतराव म्हणाले. ‘‘अनिमेषची बायको. सोनिया.’’

‘‘अरे वा.’’ गुलाबरावांनी विडा उचलला नाही. त्यांची नजर कागदावर गेली, वरून खाली उतरली, परत वर गेली. मग त्यांनी कागद उलटून पाहिला. त्यांच्या मनात काही नव्हतं, माणूस सरळ होता. ‘‘कोण्या कडव्यात आहे हो ह्यांचं नाव? मले दिसून नाही राहिलं.’’

यशवंतरावांनी आपल्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. शर्मिष्ठा, अनिमेष, शेखर, निधी. सारे घरी हर्षले. ती ओळ त्यांनी लिहिली होती, तीनदा वाचली होती, तासाभरापूर्वी अडीचशे लोकांसमोर गायली होती, आणि त्यात काय नाही ते त्यांना आत्ता दिसत होतं. शेखरनं कागद पाहिला आणि मान खाली घातली. शर्मिष्ठा पदराशी चाळा करू लागली. अनिमेष आजोबांकडे बघत होता. त्यांना त्याच्याकडे बघवेना.

‘‘ते माझं नाव वृत्तातच बसत नव्हतं,’’ सोनिया म्हणाली. स्वच्छ मराठीत, हसून, तबक जरासुद्धा न हलवता. ‘‘आजोबांनी खूप प्रयत्न केला. शेवटी मीच म्हटलं, राहू द्या.’’

आता यशवंतरावांनी काय करायला हवं होतं ते शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं. त्यांच्या तोंडून निघालं ते असं.

‘‘हो. बसत नव्हतं.’’

गुलाबरावांचा अंगठा बोटाच्या पेरांवर सरकला. सवयच होती ती, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. सो, नि, या. जड, हलकं, जड. एकदा मोजलं, आणि अंगठा तिथेच थांबला. ओळीचा शेवट जड, हलक्या आणि जड अक्षरानं होतो, हे चाळीस वर्षं शार्दूलविक्रीडित शिकवलेल्या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी यशवंतरावांकडे पाहिलं नाही. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि विडा उचलला.

‘‘होते असं कधीकधी,’’ ते म्हणाले, आणि पाठवणीची गाडी किती वाजता आहे ते विचारू लागले.

त्यांनी चारचौघांत खोटं पकडलं असतं तर यशवंतरावांना भांडता तरी आलं असतं. व्याह्यानं चूक पदरात घेतली, त्यामुळे ते मेल्याहून मेल्यासारखे झाले. निधीची पाठवणी झाली. सगळे रडले, यशवंतरावही रडले, आणि ते कशासाठी रडताहेत हे कोणी विचारलं नाही.

घरी आल्यावर विनोदिनीबाईंनी लुगडंसुद्धा बदललं नाही. खुर्ची ओढून समोर बसल्या.

‘‘भागवतांच्या लग्नात त्यांच्या कुत्र्याचं नाव टाकलं होतं तुम्ही. पोट्टं रडून राहिलं होतं म्हणून. आठवते?’’

यशवंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘‘कुत्रं बसलं तुमच्या वृत्तात,’’ विनोदिनीबाई म्हणाल्या. ‘‘आणि मी बी कशी हो? तुम्ही म्हणून दाखवलं, मी छान आहे म्हटलं. माझ्याबी ध्यानात नाही आलं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनिया बाहेरच्या खोलीत भाड्यानं आणलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. सगळे थकून अजून पडले होते. यशवंतराव येऊन तिच्यासमोरच्या पलंगावर टेकले. काय बोलायचं ते त्यांनी पहाटेपासून ठरवलं होतं, पण तोंडून वेगळंच निघालं.

‘‘तू टाइप केलं तेव्हा तुले दिसलं होतं?’’

‘‘हव,’’ ती म्हणाली.

‘‘मंग बोलली काहून नाही?’’

सोनियानं हातातली चादर पुरी केली. ‘‘आधी वाटलं, पुढच्या कडव्यात असेल. पुढचं टाइप केलं. मग वाटलं, प्रूफमध्ये तुमच्या ध्यानात येईल. तुम्ही तीनदा वाचलं, आजोबा. हर्षलेचा रफार माझा चुकला होता, तो तुम्ही पकडला. त्याच ओळीतला.’’

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं. यशवंतरावांनी समोरच्या चादरीचं एक टोक धरलं.

‘‘काल मी म्हटलं बसत नव्हतं,’’ यशवंतराव म्हणाले. ‘‘ते खोटं होतं. बसते.’’

‘‘मालूम है. मी पण मोजलं होतं. आप ही ने तो सिखाया.’’ ती आवाज न चढवता बोलत होती. ‘‘तीन ठिकाणी बसते.’’

आपण हिला मोजायला शिकवलं, आणि ते शिकून हिनं पहिलं काय मोजलं, हे यशवंतरावांना कळलं. त्यांना इतकी लाज जन्मात वाटली नव्हती. अभनपूरच्या मांडवात गळ्याला हात लावला तेव्हाही नाही, कारण तेव्हा निदान राग होता. आता राग नव्हता, वैर नव्हतं. ही पोरगी त्यांना आवडत होती, तिच्यासोबत बसून ते पोटभर हसले होते, तिचीच ओळ तानेवर घेऊन गायले होते, आणि घरातली माणसं मोजायला बसल्यावर ती त्यांच्या मनात आलीच नव्हती.

‘‘माझं चुकलं, सोनिया,’’ ते म्हणाले. ‘‘विसरलो असं म्हणायची बी सोय नाही मले. विसराले आधी ध्यानात असावं लागते.’’

एरवी ती लगेच ‘कोई बात नहीं’ म्हणे. दूध उतू गेलं, चष्मा फुटला, कोणी तासभर ताटकळत ठेवलं, तरी तिचं उत्तर ठरलेलं. यशवंतराव त्या शब्दांची वाट बघत राहिले. ती म्हणाली नाही. तिनं पुढची चादर घेतली.

‘‘मी आता लिहितो,’’ त्यांनी घाईनं म्हटलं. ‘‘तुझ्या आणि अनिमेषच्या नावानं. आठही कडवी. तुझ्या बाबांचं नाव, आईचं नाव, सगळे घालतो.’’

‘‘लग्न तर झालं ना, आजोबा. तीन साल हो गए.’’ मग घडी बाजूला ठेवत ती म्हणाली, ‘‘सोमवारी क्वार्टरची चाबी मिळणार आहे. आम्ही हो म्हणून टाकलं. अनिमेषनं काल रात्रीच साहेबांना मेसेज केला.’’

थांब म्हणायची हीच वेळ होती. विनोदिनीबाईंनी सांगितलं होतं, तुम्ही म्हटलं तर ती थांबेल. यशवंतरावांनी तोंड उघडलं, आणि कोणत्या तोंडानं म्हणावं ते त्यांना सुचलं नाही. आपल्या माणसाला थांब म्हणता येतं. काल अडीचशे कागदांवर छापून त्यांनी ही आपली कोणी नाही, असं सांगून टाकलं होतं.

‘‘दूर नाही ना ते फार,’’ एवढंच ते म्हणाले.

‘‘नाही. रविवारी येत जाऊ. आजीची गुडघ्याची गोळी मी पुड्या करून ठेवते, तारखा लिहून.’’ ती उठली आणि पर्समधून एक छापील कागद घेऊन आली. ‘‘हा जरा बघून द्या. टाउनशिपच्या गेटवर द्यायचा आहे. घरची जी माणसं नेहमी येतील त्यांची नावं. कागदावर नाव असलं की गेटवाले अडवत नाहीत, नाही तर प्रत्येक वेळी फोन करून विचारतात. सोबत तुमचा एक फोटो लागेल.’’

यशवंतरावांनी कागद घेतला. रकाने होते, नाव आणि नातं. सोनियाचं अक्षर गोल, शाळेच्या फळ्यावरचं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, यशवंतराव टेंभेकर, आजोबा. दुसऱ्या ओळीत विनोदिनी टेंभेकर, आजी. मग शेखर, शर्मिष्ठा, निधी, आणि वर्ध्याचा नवा जावईसुद्धा. सगळ्यात शेवटी, कागद संपता-संपता, तिचे स्वतःचे आईवडील.

त्यांनी चूक शोधली. एखादी वेलांटी, एखादा काना. काही सापडलं नाही.

‘‘तुझे आईबाबा खाली,’’ ते कसेबसे म्हणाले, ‘‘आणि माझं नाव सगळ्यात वर काहून?’’

‘‘घरचे कोण-कोण ते लिहायला बसले ना,’’ सोनिया चादरीच्या कडा जुळवत म्हणाली, ‘‘तर पहिले तुम्हीच आठवले.’’

यशवंतरावांना मान वर करवेना. फोटो शोधतो म्हणून ते आत गेले, आणि कपाट उघडून बराच वेळ तसेच उभे राहिले.